वेगवान आरसी ट्रकचे भाग घेताना होणारी फसवणूक: लेबल वाचू नका, मोजून घ्या

१/८ स्केलचा, ६एस म्हणजे सहा सेल ओळीने जोडलेल्या बॅटरीवर पळणारा आरसी (रिमोटवर चालणारा) ऑफ-रोड ट्रक सुटे भाग घेऊन जमवायचा म्हटलं की खोटा माल कुठे ना कुठे गळ्यात पडतो. वाईट भाग असा की ट्रक जळल्यावरही फसवणूक कुठे झाली ते कळत नाही, कारण खोटा असतो एक भाग आणि जळतो दुसराच. बॅटरीवरचा आकडा खोटा असतो, धूर मात्र ईएससीतून, म्हणजे मोटरची गती सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधून निघतो. मग माणूस ईएससीला दोष देतो, नवा घेतो, त्याच बॅटरीवर लावतो आणि तोही घालवून बसतो. तोवर बॅटरी परत करायची मुदत संपलेली असते.

सौद्याचं स्वरूप ठरलेलं असतं. चॅसिस, डिफ (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा डबा), शॉक बसवलेला रोलर ट्रक (मोटर-बॅटरीविना सांगाडा), ४२७४ मापाची २२०० केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) ब्रशलेस मोटर, १५० अँपिअरचा ६एस ईएससी, २५ किलोचा मेटल गिअर सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), ५००० एमएएच १००सीचे दोन ३एस लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पॅक आणि शेवटी ठळक अक्षरात ‘ताशी १६० किमी’. यातला जवळजवळ प्रत्येक आकडा घरी तपासता येतो. त्यासाठी ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, मल्टिमीटर, अंतर्गत रोध दाखवणारा बॅलन्स चार्जर, लोहचुंबक, ड्रिल, सामान मोजायचा हुकचा काटा आणि एक बारीक कानस एवढंच लागतं. अट एकच आहे: हे सगळं सोल्डरिंग करायच्या आधी व्हायला हवं. वायर कापून कनेक्टर बदलला की ‘माल वापरलेला आहे’ असं म्हणायला विक्रेता मोकळा.

सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण सर्वांत मोठं खोटं तिथेच असतं. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट मिळेल तो आकडा; १००सी म्हणजे ५००० एमएएच पॅकमधून सतत ५०० अँपिअर. त्या करंटला पॅक ३६ सेकंदांत रिकामा होईल, आणि त्याला जोडलेली १२ गेजची वायर त्याआधीच आवरण सोडेल. हा आकडा कोणीच खरा धरत नाही, चांगल्या नावाचे उत्पादकही तो फुगवूनच लिहितात. त्यामुळे सी-रेटिंग किती छापलंय यावर वाद घालू नये. एमएएच आणि अंतर्गत रोध मात्र ठणकावून मागावेत.

आधी वजन. जास्त करंट देणाऱ्या लिपोत एका किलोमागे साधारण १५० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते, फार तर १८०. ३एस ५००० एमएएच म्हणजे ११.१ गुणिले ५, ५५.५ वॉट-तास. म्हणजे पॅक ३५० ते ४०० ग्रॅमच्या घरात भरायला हवा. तोच आकडा छापलेला पॅक २५० ग्रॅम भरला तर आत ५००० एमएएच नाहीत, पुढे काही तपासायची गरजच उरत नाही. उलट मात्र धरू नये. हार्ड केसमध्ये लहान सेल घालून उरलेली जागा भरून वजन वाढवता येतं, म्हणून वजनात पास झालेल्या पॅकचीही क्षमता मोजावी. १सी, म्हणजे ५ अँपिअरने, ४.२० व्होल्ट प्रति सेल पूर्ण चार्ज करावा. मग चार्जरच्या डिस्चार्ज मोडवर प्रति सेल ३.३ व्होल्टपर्यंत उतरवावा आणि पुन्हा चार्ज करताना आत किती एमएएच गेले ते पाहावं. ४७०० च्या पुढे गेले तर माल ठीक. ३२०० वर थांबला तर लेबल खोटं.

मग अंतर्गत रोध. पॅक पूर्ण चार्ज करून तासभर खोलीत ठेवावा, साधारण २५ अंशांवर. थंडीत रोध वाढलेला दिसतो आणि निष्कारण भांडण होतं. ५००० एमएएचच्या चांगल्या नव्या सेलचा रोध २ ते ४ मिलीओहम येतो. १० च्या पुढे गेला किंवा तीन सेलमध्ये एक ३ आणि एक ९ असा फरक दिसला, तर सेल जुने आहेत किंवा वेगवेगळ्या पॅकमधून काढून जोडलेत.

रोधाने काय बिघडतं ते आकड्यांत पाहा. ६ सेल, प्रत्येकी १० मिलीओहम, म्हणजे एकूण ६० मिलीओहम. १०० अँपिअर ओढले की ६ व्होल्ट बॅटरीतच पडतात आणि ६०० वॉट उष्णता पॅकच्या आत तयार होते. ३ मिलीओहमच्या सेलवर हाच उतार १.८ व्होल्टचा असतो. पण खरं नुकसान पुढे आहे. ईएससी मोटरला करंट तुकड्यातुकड्यांनी देतो. दर तुकड्याला बॅटरीचं व्होल्टेज खाली जातं आणि पुन्हा उसळतं. ही रिपल ईएससीच्या कपॅसिटरवर येते. ते तापतात, फुगतात, त्यांची साठवणूक घटते, मग उसळी थेट मॉस्फेटवर (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) आदळते आणि एखादा शॉर्ट होतो. जळालेला ईएससी हातात धरून विक्रेत्याकडे गेलात की तो म्हणणार, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) मोठा लावलात. बॅटरीचा विषय निघतच नाही.

दोन ३एस पॅकच्या जोडीत आणखी एक डाव असतो: एक पॅक नवा, दुसरा थकलेला, स्टिकर दोन्हींवर सारखे. सीरिजमध्ये दोन्हींतून तोच करंट वाहतो. ईएससीला फक्त बेरीज दिसते. प्रति सेल ३.३ व्होल्टचा कटऑफ ठेवला असेल तर तो १९.८ व्होल्टवर थांबतो. त्या क्षणी चांगला पॅक १०.८ वर आणि थकलेला ९.० वर असू शकतो, म्हणजे त्याचा प्रत्येक सेल ३.० पर्यंत उतरलेला, आणि गती देताना त्याच्याही खाली. चार-पाच फेऱ्यांत तो फुगतो. जोडी घेतली तर दोन्ही पॅक वेगवेगळे मोजा, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं लिहून ठेवा. रोज एकच पॅक मागे पडत असेल तर तोच चोर.

ईएससीवर ६एस छापलेलं असेल तर कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाचावं. पूर्ण चार्ज ६एस म्हणजे २५.२ व्होल्ट. कपॅसिटरवर २५ व्होल्ट लिहिलं असेल तर तो ईएससी ६एसचा नाही, ४एसच्या बोर्डावर नवा स्टिकर आहे. तिथे ३५ व्होल्ट दिसायला हवेत. खात्री करायला म्हणून त्यावर ६एस लावून बघू नये, ती परीक्षा एकदाच होते. बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणाऱ्या ईएससीतल्या भागाचा आकडाही पाहावा. १/८ ट्रकच्या ताकदवान सर्व्होला अडकल्यावर ५-६ अँपिअर लागू शकतात. ३ अँपिअरचा बीईसी तिथे कोसळतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि ट्रक भरधाव असताना हातातून सुटतो. हे रेंजचं दुखणं समजून लोक रेडिओ बदलतात.

मोटरमध्ये फसवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली मापाची: ४२७४ म्हणजे ४२ मिलिमीटर व्यास, ७४ मिलिमीटर लांबी, पण लांब डब्यात आखूड रोटर आणि आखूड वाइंडिंग बसवता येतं. या मापाची मोटर ३५० ते ४०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि शाफ्ट ५ मिलिमीटरचा असतो. हातात घेताच हलकी वाटली किंवा शाफ्ट ३.१७ निघाला तर घेऊ नका. दुसरी तऱ्हा जास्त कपटी, ती वापरलेल्या मोटरमध्ये सापडते. साध्या दर्जाचं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमची ताकद गमावू लागतं. चुंबक कमजोर झालं की केव्ही वाढतो. विनाभार चाचणीत अशी मोटर जास्त जोरात फिरते आणि घेणाऱ्याला ती उलट चांगलीच वाटते. प्रत्यक्षात टॉर्क गेलेला असतो, तेवढंच काम करायला ती जास्त करंट ओढते, अधिक तापते आणि चुंबक आणखी उतरतं.

ही मोटर ओळखायला केव्ही मोजावा. शाफ्ट ड्रिलमध्ये पकडून ठरावीक गतीने फिरवा, मिनिटाला १५०० फेऱ्या समजा. मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोजा. फेऱ्यांना त्या व्होल्टेजच्या १.४१४ पटीने भागलं की केव्ही येतो. ०.४८ व्होल्ट आले तर साधारण २२००. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा. एका जोडीत वेगळा आला तर वाइंडिंगमध्ये शॉर्ट आहे. ड्रिलची खरी गती टॅकोमीटरने बघितली तर उत्तम. पाच-सात टक्क्यांचा फरक सोडून द्यावा. २२०० लिहिलेली मोटर २५०० दाखवत असेल तर ती भाजलेली आहे.

आता तो १६०चा आकडा. २२०० केव्ही गुणिले २२.२ व्होल्ट म्हणजे ४८,८४० फेऱ्या. स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) ४६ दाती, पिनियन १६ दाती, डिफ ४३ ला ११: एकूण गुणोत्तर ११.२४. चाक मिनिटाला सुमारे ४३४५ वेळा फिरेल. १४५ मिलिमीटर व्यासाच्या टायरचा परिघ ०.४५५ मीटर, म्हणजे कागदावर ताशी ११९ किमी. हवा, घर्षण आणि व्होल्टेजचा उतार धरला की रस्त्यावर शंभरच्या आत. कागदावर १६० गाठायला याच ट्रकला २२ दाती पिनियन लागेल, आणि मोटरवरचा भार इतका वाढेल की ती काही मिनिटांत हात लावू देणार नाही. विक्रेता दाखवतो तो व्हिडिओ बहुधा चाकं हवेत असतानाचा असतो. हवेत टायर फुगतो आणि मोजणी वाढते. जमिनीवर पळताना जीपीएसने घेतलेली नोंद, त्या वेळचे स्पर-पिनियनचे दात आणि टायरचा व्यास, हे तिन्ही एकत्र मागावेत. एखादा जरी सांगायला कां-कूं केलं तर आकडा विसरावा.

रोलर चॅसिसमध्ये लबाडी डिफमध्ये लपते. दात तुटलेल्या किंवा घासलेल्या डिफमध्ये घट्ट ग्रीस ठासून भरतात, म्हणजे हाताने फिरवताना अडखळणं जाणवत नाही. म्हणून डिफ उघडून दाखवायला सांगावं. चार स्क्रू काढायचं काम आहे. आत पारदर्शक सिलिकॉन तेल असायला हवं. राखाडी चिखल असेल तर त्यात गिअरचा भुगा आहे. उघडायला नकार आला तर मागचं एक चाक घट्ट धरा, सेंटर शाफ्ट मोकळा सोडा आणि दुसरं चाक जोर लावून सावकाश पूर्ण फिरवा. टकटक आवाज किंवा मधेच निसटल्यासारखं झालं तर मोठा खर्च समोर आहे. चॅसिस प्लेट काचेवर ठेवून चारही कोपरे दाबून बघावेत, उडी मारल्यावर वाकलेली प्लेट लगेच डुगडुगते.

धातूंच्या नावांवरही बरंच खपतं. ‘७०७५ अ‍ॅल्युमिनियम’ म्हणून विकलेला हब प्रत्यक्षात झिंकचं ओतकाम असतो आणि पहिल्या धडकेत बिस्किटासारखा तुटतो. वजन करून पाण्यात बुडवा, किती मिलिलिटर पाणी सरकलं बघा. अ‍ॅल्युमिनियम मिलिलिटरला २.८ ग्रॅम, झिंकचं मिश्रण ६.६ च्या आसपास. टायटॅनियम म्हणून दिलेल्या टर्नबकलला (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या सळईला) चुंबक चिकटला तर ते रंग दिलेलं पोलाद. हार्डन केलेल्या सीव्हीडी शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) कानस घसरते, मऊ शाफ्टवर ओरखडा उठतो. कार्बन फायबरच्या प्लेटची कड थोडी घासून मल्टिमीटर लावा. कार्बनमधून करंट वाहतो, वर कार्बनचं चित्र चिकटवलेल्या काचतंतूतून नाही.

सिलिकॉन वायरीत तांब्याऐवजी तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम येतं. एक तार खरवडली की आत पांढरी दिसते. नकली एक्सटी-९० कनेक्टरचं प्लास्टिक सोल्डर करतानाच मऊ पडून पिन तिरकी होते. सर्व्होवर २५ किलो लिहिलं असेल तर १ सेंटिमीटरवर २५ किलो, म्हणजे २ सेंटिमीटरच्या भोकात साडेबारा. सामान मोजायचा हुकचा काटा लावून क्षणभर ओढून बघा. त्याच्या अर्ध्यावरच सर्व्हो थांबला तर स्टिकर बदललेला आहे.

पाकीट उघडतानाचा एकसलग व्हिडिओ घ्या, त्यातच वजन आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज दिसू द्या. तक्रारीत ‘बॅटरी खराब आहे’ असं लिहू नका. छापील क्षमता, मोजलेली क्षमता, वजन, तिन्ही सेलचा रोध, खोलीचं तापमान आणि चार्जरच्या पडद्याचे फोटो द्या. पहिल्या फेरीपासून स्पर-पिनियनचे दात, मोटरचं आणि ईएससीचं तापमान टिपून ठेवा. मोटर ८० अंशांच्या आत राहिल्याची नोंद हाती असली की पिनियन मोठा लावल्याचा आरोप टिकत नाही.

पॅक फुगला असेल तर विक्रेता हमखास म्हणतो, ‘आधी माल परत पाठवा, मग पैसे.’ फुगलेली किंवा बिघडलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला आंतरराष्ट्रीय मनाई आहे, आणि हे त्याला माहीत असतं. तो नियम दाखवून, फुगलेल्या पॅकच्या फोटोवर परतावा मागा. पैसे आल्यावर पॅक उघड्यावर, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर १२ व्होल्टच्या बल्बवर शून्यापर्यंत उतरवा आणि ई-कचरा केंद्रात द्या.