बुलमास्टिफचे राखणीचे प्रशिक्षण : वीस महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा बुलमास्टिफ जातीचा कुत्रा बंड्या आता अडीच वर्षांचा आहे. त्याचे वजन ५४ किलो भरते आणि माझे ५६, त्यामुळे त्याने एखादी गोष्ट मनावर घेतली तर पट्टा कोणाच्या हातात आहे याला फारसा अर्थ उरत नाही. त्याने चोर पकडून द्यावा अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. एवढ्या ताकदीच्या जनावराला कुठे थांबायचे ते कळावे, एवढ्यासाठी राखणीच्या प्रशिक्षणाचा विचार केला. गेल्या वीस महिन्यांत दोन प्रशिक्षक झाले आणि त्यांपैकी पहिला प्रयोग साफ फसला.

पहिल्या प्रशिक्षकाने बंड्या अवघा दहा महिन्यांचा असताना त्याला खांबाला बांधले आणि हाताला गोणपाट गुंडाळलेला एक माणूस काठी आपटत त्याच्या अंगावर येऊ लागला. कुत्रा भुंकला की तो माणूस मागे पळे. दोन महिन्यांत बंड्या जोरजोरात भुंकू लागला, सगळ्यांनी कौतुक केले आणि खरे सांगायचे तर मीही खूश झाले. शेपूट पोटाखाली गेलेले, कान मागे पडलेले आणि भुंकता भुंकता तो साखळीच्या टोकापर्यंत मागे सरकत असलेला, हे सारे डोळ्यांसमोर असूनही मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे हातात मिटलेली छत्री दिसली की तो गुरगुरू लागला, तेव्हा कळले की आम्ही त्याला राखण शिकवली नव्हती, भ्यायला शिकवले होते. ते निस्तरण्यात चार महिने गेले. छत्री इतक्या लांब ठेवायची की तो बिचकणार नाही, तो शांत राहिला की खाऊ द्यायचा आणि अंतर हळूहळू कमी करायचे, एवढेच आम्ही रोज करत होतो.

या जातीचा इतिहास आधी समजून घेतला असता तर हे टळले असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या राखीव रानांच्या रखवालदारांनी चोरट्या शिकाऱ्यांना आवरण्यासाठी मास्टिफ आणि बुलडॉग यांच्या संकरातून हा कुत्रा घडवला आणि १९२४ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. अंधारात आवाज न करता जायचे, माणसाला पाडायचे आणि फाडून न खाता दाबून ठेवायचे, हे त्याचे मूळ काम. अशा कुत्र्याला आरडाओरडा करायला लावणे म्हणजे त्याच्या स्वभावाच्या उलट दिशेने ओढणे. जर्मन शेफर्ड किंवा मॅलिनॉइस हलत्या वस्तूवर झेप घेण्याच्या ओढीतून चावा शिकतात, त्यांच्यासाठी हा खेळ असतो. बंड्याला मात्र पळत्या चेंडूचेही कौतुक दुसऱ्या फेकीपलीकडे टिकत नाही. शिवाय ही मोठी कुत्री अंगाने लवकर वाढतात आणि मनाने दोन-तीन वर्षांनी प्रौढ होतात. माग काढणे, आज्ञापालन आणि राखण यांत कुत्र्याला पारखणाऱ्या, जर्मनीत सुरू झालेल्या शुट्झहुंड चाचणीत, म्हणजे आज आयजीपी नावाने चालणाऱ्या चाचणीतसुद्धा, पहिल्या पातळीसाठी कुत्रा किमान १८ महिन्यांचा असावा लागतो आणि त्याआधी त्याला आज्ञापालनाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. दहा महिन्यांचे आमचे पोर काठीपुढे उभे करण्याची घाई कशासाठी होती, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

दुसऱ्या प्रशिक्षकाने पहिले तीन महिने चाव्याचे नावही काढले नाही. मैदानाच्या कडेला बंड्याने आडवे पडून राहायचे, समोरून माणसे, सायकली, इतर कुत्री जाऊ द्यायची आणि कशातही भाग घ्यायचा नाही, हाच मुख्य धडा होता. मला हे कंटाळवाणे वाटे. आज वाटते की पैसे वसूल झाले ते इथेच. त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे चाव्याच्या सरावासाठी प्रशिक्षक हातावर चढवतो ती जाड बाही, आली. पहिल्या दिवशी त्याने ती पुढच्या दातांनी नुसती चिमटीत धरल्यासारखी धरली, सोडली आणि माझ्याकडे वळून पाहिले. सहा-सात आठवड्यांनी तो तोंड भरून, न थरथरता धरू लागला, पण प्रशिक्षकाचा सगळा भर ‘सोड’ या शब्दावर होता. सोडले की स्लीव्ह लगेच परत तोंडात मिळे, त्यामुळे सोडणे ही त्याला शिक्षा वाटली नाही. आखूड तोंडाच्या कुत्र्याचे तोंड भरलेले असले की त्याला नीट धापता येत नाही आणि अंग पटकन तापते, म्हणून सराव नेहमी पहाटे आणि दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत होई. जेवणानंतर तर मैदानावर पाऊलही नाही, कारण मोठ्या छातीच्या जातींना पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो.

उपयोग काय झाला ते एका दुपारी दिसले. नळदुरुस्तीला आलेला माणूस फाटक उघडून, हाक न मारता, थेट मागच्या दारापर्यंत आला. बंड्या उठला, भुंकला नाही, दात दाखवले नाहीत. माझ्या आणि त्या माणसाच्या मधोमध आडवा उभा राहिला. तो माणूस जागच्या जागी थिजला. मी ‘बस’ म्हटल्यावर बंड्या बसला, आणि काम चालू असताना पाऊण तास तिथेच डुलक्या घेत राहिला.

ज्यांना घंटेसारखा भुंकणारा कुत्रा हवा असेल त्यांनी ही जात घेऊ नये, आणि ज्यांना आठवड्यातून चार दिवस सराव जमणार नाही त्यांनी स्लीव्हच्या वाटेला जाऊ नये. निव्वळ आज्ञापालनावर थांबले तरी बिघडत नाही. मध्यंतरी आमचे तीन आठवडे सुटले, तर ‘सोड’ म्हटल्यावर बंड्या ऐकू न आल्याचा बहाणा करू लागला. पहिल्या दोन महिन्यांचा व्रणही पुरता गेलेला नाही. कोणी मिटलेली छत्री घेऊन दारात आले की त्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या गोळा होतात. ‘बस’ म्हटले की बसतो, पण छत्री कोपऱ्यात टेकवून ठेवेपर्यंत तिच्यावरची नजर हटत नाही.