परदेशी नोकरीचा करभार मोजून देणारी सेवा : राजारामपुरीतील एका कार्यालयाचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रभागांच्या डिझाइनचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या अभियंत्याकडे जर्मनी आणि दुबई अशा दोन ठिकाणची नियुक्तिपत्रे एकाच सुमारास आली, की घरात आणि मित्रमंडळींत पहिला प्रश्न कराचाच निघतो, आणि ‘जर्मनीत बेचाळीस टक्के, दुबईत शून्य’ असे उत्तर देऊन बहुतेक जण विषय संपवतात. या उत्तरावर विसंबून घर हलवण्याचा निर्णय घेऊ नये, असे मला आणि पत्नीला, आम्हा दोघांनाही वाटत होते. म्हणून राजारामपुरीतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयाची ‘स्थलांतर करतुलना’ ही सेवा आम्ही घेतली. शुल्क ९,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ही सेवा घेण्याजोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्यात एक गंभीर उणीव आढळली, तीही पुढे सविस्तर लिहितो.

कार्यालयाने प्रथम कागद मागितले : दोन्ही नियुक्तिपत्रे, माझा आणि पत्नीचा फॉर्म १६, ताराबाई पार्कातील सदनिकेचा भाडेकरार, मुदत ठेवींची यादी आणि पासपोर्टच्या प्रती. कराचे दर सांगण्याआधी संपूर्ण घराचे उत्पन्न मांडून घेण्याची ही पद्धत मला मनापासून आवडली. काम पाहणाऱ्या मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितले, “साहेब, टक्केवारी बाजूला ठेवा. वर्षाअखेर हातात काय पडतं आणि जे कापून जातं त्याचं काय होतं, एवढंच आपण बघूया.”

अहवालाचा सर्वांत भरीव भाग जर्मनीचा आहे. माझा देऊ केलेला पगार वर्षाला ६०,००० युरो. २०२५ च्या नियमांप्रमाणे तेथे १२,०९६ युरोंपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आयकर नाही. त्यापुढे दर हळूहळू चढत जातो आणि ४२ टक्क्यांचा टप्पा करपात्र उत्पन्न ६८,४८० युरोंच्या पुढे गेल्यावर लागतो. म्हणजे ज्या आकड्याची सर्वांना धास्ती, तो माझ्या पगाराला शिवतसुद्धा नाही. खरी कपात दुसरीकडेच आहे. निवृत्तिवेतन विम्याचे १८.६ टक्के, बेकारी विम्याचे २.६ टक्के, आरोग्य विम्याचे १४.६ टक्के व त्यावर विमा संस्थेचा अधिभार, आणि शुश्रूषा विम्याचे (दीर्घकाळ देखभाल लागल्यास मदत देणाऱ्या) ३.६ टक्के, यांतला साधारण अर्धा भार कर्मचाऱ्याच्या पगारातून जातो. अहवालात ही रक्कम सुमारे १२,६०० युरो दाखवली आहे. पत्नी व मुलगी कोल्हापुरातच राहिल्यास मला लागणारा आयकर सुमारे ९,७०० युरो आहे. करापेक्षा विम्याचे हप्तेच जास्त आहेत, ही गोष्ट ‘बेचाळीस टक्के’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही आम्हाला सांगितली नव्हती.

कुटुंब सोबत नेल्यास मात्र हिशेब पालटतो. तेथे विवाहितांचे उत्पन्न एकत्र करून, ते निम्मे-निम्मे धरून कर काढता येतो. पत्नीला तेथे लगेच नोकरी नसेल, तर मला तिसरा करवर्ग (पगारातून दरमहा किती कर कापायचा, ते ठरवणारा गट) आणि तिला पाचवा असा पर्याय मिळतो. माझा आयकर मग सुमारे ५,१०० युरोंवर येतो आणि हातात ३७,७०० ऐवजी ४२,३०० युरोंच्या आसपास पडतात. मुलगी तेथे राहू लागली की बालभत्ता वेगळा, २०२५ च्या दराने दरमहा २५५ युरो. यासाठी पत्नीने प्रत्यक्ष जर्मनीत राहायला येणे आवश्यक आहे. मुलीचे शाळेचे वर्ष पूर्ण होईपर्यंत त्या दोघींनी येथेच थांबावे, असा आमचा पहिला विचार होता आणि त्याची किंमत किती, हे या रकान्यामुळे प्रथमच आकड्यांत दिसले.

येथे अहवालाने आणखी एक बारकावा टिपला आहे. जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. पत्नी त्या वर्षात उशिरा आली, तरी वार्षिक विवरणपत्रात संपूर्ण वर्षासाठी एकत्र आकारणी मागता येते. मात्र त्याच वर्षी आम्ही दोघांनी भारतात मिळवलेला पगार दर ठरवताना विचारात घेतला जातो. त्या पगारावर तेथे कर लागत नाही, परंतु जर्मन पगारावरचा दर त्याने वर चढतो. पत्नी येथे महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे ही बाब आमच्यासाठी किरकोळ नव्हती. नगरपालिकेत पत्ता नोंदवताना धर्म विचारला जातो आणि चर्चचा कर केवळ संबंधित चर्चच्या सदस्यांनाच लागतो, हेही एका ओळीत नोंदवले आहे. जाणाऱ्याला तो रकाना पाहून विनाकारण धाकधूक होते, म्हणून ती ओळ मोलाची आहे.

दुसरा उत्तम भाग निघण्याच्या तारखेचा. भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो, तेव्हा त्या आर्थिक वर्षात भारतातला त्याचा मुक्काम १८२ दिवसांहून कमी असेल, तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो. एप्रिलपासून मोजत गेल्यास २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. त्यानंतर निघाल्यास तुम्ही त्या वर्षापुरते निवासीच, आणि ऑक्टोबर ते मार्चचा परदेशी पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो. जर्मनीत कापलेल्या कराचे श्रेय ठरलेला फॉर्म भरून मागता येते, म्हणून तेथे जाणाऱ्याचे नुकसान मर्यादित राहते. दुबईत मात्र श्रेय मागण्यासाठी कर भरलेलाच नसतो. त्यामुळे उशिरा निघणाऱ्याच्या दुबईतल्या सहा महिन्यांच्या पगारावर भारतातला पूर्ण कर बसू शकतो. ‘शून्य कर’ असलेल्या देशाला जाताना तारखेची चूक अधिक महागात पडते, हा मुद्दा मॅडमनी तांबड्या पेनाने अधोरेखित करून दिला. कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी त्यांची एक सूचना फार व्यावहारिक आहे : आपण महालक्ष्मी एक्सप्रेसने कधी निघालो याला महत्त्व नाही, मुंबईच्या विमानतळावर पासपोर्टवर पडणाऱ्या शिक्क्याची तारीख मोजली जाते, आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानांत ती सहज एका दिवसाने पुढे सरकते. म्हणून चार-आठ दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढावे.

भारतातील मागे राहणाऱ्या उत्पन्नाचा हिशेबही नीट केला आहे. सध्या नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर माफ होतो, अशी आपली समजूत असते. परंतु ती सवलत निवासी व्यक्तींसाठी आहे. अनिवासी झाल्यावर सदनिकेचे भाडे आणि ठेवींचे व्याज मिळून सहा लाखांचे करपात्र उत्पन्न राहिले, तर चार लाखांवरील रकमेवर पाच टक्के आणि उपकर धरून १०,४०० रुपये भरावे लागतील. रक्कम मोठी नाही, पण भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कापून सरकारजमा करायचे आणि आपण विवरणपत्र भरून परतावा मागायचा, ही खटपट मोठी आहे. भाडेकरूला त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. माझे वडील भाड्याचा व्यवहार पाहतात. त्यांना समजेल असा अर्ध्या पानाचा मराठी तक्ता कार्यालयाने स्वतंत्र करून दिला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

आता उणिवेविषयी. परदेशातून पाठवलेली बचत एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईसाठीच्या बँक खात्यात) मुदत ठेवीत ठेवावी, तिचे व्याज ‘पूर्ण करमुक्त’ आहे, असे अहवालात दोन्ही देशांच्या रकान्यांत एकसारखे लिहिले होते. ते व्याज भारतात करमुक्त आहे आणि दुबईला जाणाऱ्यासाठी ते विधान पुरेसे आहे. जर्मनीत राहणारा मात्र तेथे आपल्या जगभरातील उत्पन्नावर करपात्र असतो. तेथे माणशी १,००० युरोंपर्यंतचे गुंतवणुकीचे उत्पन्न सोडले, तर पुढच्या व्याजावर २५ टक्के कर आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार बसतो. पत्नीने हे निदर्शनास आणून दिल्यावर कार्यालयाने सुधारित अहवाल जादा शुल्क न घेता दिला. तरीही करतुलनेच्या नावाने पैसे घेणाऱ्या सेवेने पहिल्याच मसुद्यात ही बाब गाळावी, हे मला मान्य नाही. हा भाग न वाचता कोणी दहा वर्षे ठेवी वाढवत राहिला आणि जर्मन विवरणपत्रात त्या दाखवल्याच नाहीत, तर त्याचे परिणाम त्याला एकट्याला भोगावे लागतील.

दुबईचा रकाना मला तोकडा वाटला. महिना २०,००० दिरहम पगार, आयकर नाही, नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ पगाराइतके उपदान (ग्रॅच्युइटी), ही माहिती अचूक आहे. भारतातून पंधरा लाखांहून अधिक उत्पन्न असणाऱ्या अनिवासी नागरिकाला ‘मानीव निवासी’, म्हणजे येथे न राहताही कायद्याने निवासी, ठरवणाऱ्या तरतुदीबद्दल आपल्याकडे जी भीती पसरली आहे, तीही त्यांनी दूर केली : ती आमच्या उत्पन्नाला लागू नाही, आणि जिला लागू होईल त्या व्यक्तीचाही परदेशातला पगार त्यामुळे येथे करपात्र होत नाही. पण मुलीची शाळा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा यांचा खर्च घालावा, ही आमची विनंती ‘हा कराचा विषय नाही’ म्हणून नाकारली गेली. माझ्या मते तो कराचाच विषय आहे. जर्मनीत सरकारी शाळेला शुल्क नाही. नोकरी नसलेली पत्नी आणि मुलगी माझ्याच आरोग्य विम्यात जादा हप्त्याशिवाय सामावतात. निवृत्तिवेतनाचा हप्ता किमान साठ महिने भरल्यास पुढे हक्क मिळतो आणि त्या मुदतीत भारतातील भविष्य निर्वाह निधीचा काळही दोन देशांतील २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारामुळे जोडून धरता येतो. एका बाजूला हे सर्व पगारातून आधीच कापले जाते आणि दुसऱ्या बाजूला तेच खिशातून द्यावे लागते. दोन्ही रकाने एका पातळीवर आणल्याशिवाय त्यांची बेरीज शेजारी शेजारी मांडणे न्याय्य ठरत नाही. आम्ही दुबईतील दोन शाळांचे शुल्क स्वतः मागवून तक्त्यात भरले, तेव्हा हातात पडणाऱ्या रकमेतली दुबईची आघाडी निम्म्याहून खाली आली.

ज्यांना भारतातील कंपनीच परदेशी पाठवत आहे आणि पगार येथेच मिळत राहणार आहे, त्यांनी आधी कंपनीच्या लेखा विभागाला भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या, हप्ते येथेच भरले जात असल्याच्या प्रमाणपत्राविषयी विचारावे. त्यांचा हिशेब निराळा आहे आणि या सेवेची त्यांना बहुधा गरज पडणार नाही. एकट्याने जाणाऱ्या, येथे घर वा ठेवी नसलेल्या तरुणाला जर्मन अर्थमंत्रालयाच्या संकेतस्थळावरील मोफत करगणकही पुरेसा आहे. कुटुंब, भाड्याचे घर आणि ठेवी असणाऱ्यांनी मात्र हे शुल्क जरूर खर्च करावे, आणि ते नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी करावे, कारण रुजू होण्याची तारीख तोपर्यंतच बदलून मागता येते. आमची ती २२ सप्टेंबर ठरली आहे, स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात.