वॉरंटी संपल्यावर बंद पडलेला टचपॅड: दीर्घ वापरानंतरचा अनुभव

या लॅपटॉपचा पडदा, कीबोर्ड आणि वेग यांबद्दल माझी तक्रार नाही. लिहायचे आहे ते टचपॅडविषयी, कारण वॉरंटी संपून थोडे दिवस होतात न होतात तोच तो पूर्ण बंद पडला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप उघडूनही न पाहता, टचपॅड सुटा मिळत नाही, कीबोर्डसकट संपूर्ण पामरेस्ट (तळवे टेकतात तो वरचा भाग) बदलावा लागेल, असे सांगून साडेसात हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. उत्तम चालणारा कीबोर्ड फेकण्यासाठी एवढे पैसे मोजणे मला पटले नाही.

घरी आधी सॉफ्टवेअरची बाजू तपासली. टचपॅड चालू-बंद करणारी फंक्शन की चुकून दाबली गेली नव्हती. माउस जोडल्यावर टचपॅड बंद ठेवण्याचा विंडोजमधला पर्यायही निवडलेला नव्हता. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबून मग एम दाबले की डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या भागांची यादी) उघडतो आणि पुढचे काम टॅब व बाणांच्या कळांनी करता येते. तेथे ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ या टचपॅडच्या नोंदीवर पिवळे चिन्ह आणि कोड १०, म्हणजे उपकरण सुरू होत नसल्याची खूण, दिसत होता. टचपॅड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, तरी फरक पडला नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केल्यावरही टचपॅड निपचितच राहिला, तेव्हा दोष विंडोजचा नसावा, असे मी धरले.

बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खाली किंवा लगत बॅटरी असते आणि ती फुगली की टचपॅड खालून दाबला जातो. तसे झाले असेल तर चार्जिंग थांबवावे आणि बॅटरी टोचण्या-वाकवण्याच्या फंदात न पडता जाणकाराकडून बदलून घ्यावी. माझी बॅटरी सपाट होती. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असल्यामुळे ते कागदावर त्यांच्या जागांप्रमाणे चिकटवले, जुन्या एटीएम कार्डाने झाकण सोडवले आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढला.

दोष लगेच दिसला. टचपॅडची चपटी रिबन केबल ज्या खाचेत बसते, तिथला नखाएवढा काळा खटका एका बाजूने उचललेला होता आणि केबल तिरकी सरकून तिच्या चंदेरी पट्ट्यांचे एक टोक बाहेर आले होते. खटका नखाने अलगद उघडला, पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवल्या, केबल सरळ आत सरकवली आणि खटका दाबून बसवला. टचपॅड पूर्ववत चालू झाला. मला खरा राग आहे तो इथे: याच लॅपटॉपमध्ये पडद्याच्या केबलवर चिकटपट्टी लावलेली आहे, मग दिवसभर बोटांचा दाब सोसणाऱ्या टचपॅडच्या केबलवर ती का नाही? एका पट्टीची ही बचत ग्राहकाला हजारोंत पडते. मी तेथे उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली आहे.

इथपर्यंतचे सगळे खापर मी कंपनीवर फोडले होते, पण पुढे कर्सर अधूनमधून उड्या मारू लागला, तोही फक्त चार्जर लावलेला असताना, आणि माझे मत थोडे बदलले. बोटामुळे विद्युतधारितेत (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत) होणारा सूक्ष्म बदल टचपॅड टिपत असतो. चार्जरला अर्थिंग मिळाले नाही, तर त्यातून झिरपणारा अल्प प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत येतो आणि ही मोजणी बिघडवू शकतो. धातूच्या झाकणावर हात फिरवताना जाणवणारी बारीक झिणझिण त्याचीच असते. स्वयंपाकघरातल्या थ्री-पिन सॉकेटवर हाच चार्जर निर्दोष चालला. इलेक्ट्रिशियनने टेबलाजवळच्या बोर्डातली सुटलेली अर्थिंगची तार जोडल्यावर उड्या थांबल्या. या भागाचा दोष कंपनीचा नव्हता, हे नोंदवणे भाग आहे.

खटक्याबाबत मात्र मत कायम आहे. पामरेस्टचा खर्च सांगण्यापूर्वी झाकण उघडून केबल तपासावी, अशी लेखी तक्रार मी केली आहे आणि तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. लॅपटॉप मी ठेवणार आहे. त्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो पुन्हा नेणार नाही.