डिझेल आणि विजेची मोटार एकाच गाडीत: ९ महिने, १४,००० किलोमीटर

या गाडीने मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो ओव्हरटेक करतानाच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात. दुपदरी रस्ता, पुढे भरलेला ट्रक, वेग साठच्या आसपास. समोरचा रस्ता मोकळा दिसला की पाय दाबायचा. माझी आधीची गाडीही डिझेलच होती, ताकदीची होती. पण पाय दाबला की क्षणभर विचार करायची, गिअर खाली यायचा, टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) भरायचा आणि मग एकदम उसळायची. तो क्षण हिशोबात धरूनच ओव्हरटेक करायची सवय लागली होती. नव्या गाडीत पहिला आठवडाभर मी त्याच सवयीने जरा आधी पाय दाबायचो आणि ट्रकच्या नको तितक्या जवळ जायचो, कारण ही गाडी थांबतच नव्हती. हिच्यात डिझेल इंजिनासोबत विजेची मोटार आहे, आणि मोटारीला टॉर्कसाठी, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोरासाठी, फेऱ्या वाढायची वाट बघावी लागत नाही. टर्बोत हवेचा दाब तयार होईपर्यंत मोटारच गाडी ओढते आणि इंजिन भरात आलं की भार त्याच्यावर जातो. डिझेलची जुनी खोट होती ती नेमकी मोटारीने भरून काढली आहे. दोन्ही मिळून ७०० न्यूटन मीटरच्या घरात टॉर्क आहे, पण आकड्यापेक्षा तो लगेच मिळतो याचं मोल जास्त.

गाडीचं नाव लिहीत नाही. बोलायचं आहे ते या जोडीबद्दल, आणि कंपनी बदलली तरी त्यातलं बरंचसं तसंच राहतं. मोठी पाच आसनी एसयूव्ही, दोन लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्या दोघांच्या मधे बसवलेली मोटार, डिकीच्या फरशीखाली साधारण तीस युनिटची बॅटरी. वजन अडीच टनांच्या पुढे. इंजिन आणि मोटार यांच्यामधे एक क्लच आहे. तो सुटला की इंजिन पूर्ण झोपतं आणि मोटार एकटी त्याच गिअरबॉक्समधून चारही चाकं फिरवते. म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह विजेवरही चालू राहते. हे मला घेताना महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पावसात भिजलेल्या गवताळ चढावर गाडी अडकली तेव्हा कळलं. इंजिनाच्या गाडीत अशा जागी पाय जरा जास्त पडला की चाकं चिखल उडवायला लागतात. इथे पाय अगदी केसभर दाबला, गाडी पायी चालण्याच्या वेगाने, आवाज न करता वर सरकली. खाली चिरडणाऱ्या गवताचा आवाज ऐकू येत होता.

डिझेल हायब्रिड, म्हणजे डिझेल इंजिन आणि विजेची मोटार अशी जोडी, ही कल्पना नवी नाही. प्यूजोने २०११ मध्ये ३००८ हायब्रिड४ आणली, तिची पुढची चाकं डिझेलवर आणि मागची मोटारीवर चालायची. २०१२ मध्ये व्होल्वोची व्ही६० प्लग-इन (बाहेरून वीज लावून चार्ज करता येणारी) आली, २०१३ मध्ये रेंज रोव्हरने डिझेल हायब्रिड जाहीर केली, पुढे ऑडीने क्यू७ ई-ट्रॉनमध्ये तीन लिटरचं व्ही६ डिझेल मोटारीला जोडलं. तरी रस्त्यावर पेट्रोल हायब्रिडच जास्त दिसतात. डिझेल इंजिन बनवायला महाग, त्याचा धूर साफ करणारी यंत्रणा आणखी महाग, आणि त्यावर मोटार-बॅटरीचा खर्च. एवढं सगळं एका गाडीत घालणं कंपन्यांना परवडेनासं होतं. मला मात्र हीच हवी होती. अधूनमधून मला पाचशे-सहाशे किलोमीटर जावं लागतं, आणि तिथे पेट्रोल हायब्रिडची बॅटरी संपली की मागे उरतं ते जड गाडी ओढणारं पेट्रोल इंजिन.

माझ्या वहीतले आकडे असे. एकूण १४,००० किलोमीटरपैकी सुमारे ६,००० विजेवर, बाकीचे ८,००० डिझेलवर. डिझेल लागलं ५५० लिटर. म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी असताना, हायवेवर ९५ ते १०० च्या वेगाने, लिटरला साडेचौदाचं ॲव्हरेज. अडीच टनांच्या गाडीला हे उत्तमच आहे. लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते हे एक कारण, आणि एकसारख्या भारावर चालताना डिझेल इंजिन आपल्या सगळ्यात काटकसरीच्या टप्प्यात असतं हे दुसरं. गावात जिथे डिझेल इंजिन सारखं थांबतं-सुटतं आणि इंधन पितं, तिथे ते बंदच असतं. प्रत्येकाला आपापल्या आवडीचं काम मिळालं आहे. विजेवर एका चार्जमध्ये ७५ ते ८५ किलोमीटर जाते. घरी लावली की चार-साडेचार तासांत भरते.

आईला गाडी लागते. लांबच्या प्रवासात तिच्या हातात कायम लिंबू असायचं. विजेवर गाडी इतकी सलग चालते, गिअर बदलल्याचे धक्के नाहीत, कंप नाही, की तिला बरं वाटेल असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच फेरीत तिला मळमळलं. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. पाय उचलला की मोटार जनित्र बनते आणि गाडी आपोआप मंदावते. मी ही ताकद सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवली होती, कारण एकाच पेडलवर गाडी चालवायची मला मजा येत होती. चालवणाऱ्याला ते आधी ठाऊक असतं, मागे बसलेल्याची मान मात्र प्रत्येक वेळी पुढे झुकते. आता ती बसली की पातळी सगळ्यात खाली करतो, पाय उचलला तरी गाडी नुसती घरंगळत राहते, आणि आई मागे झोपून जाते. कोणाला गाडी लागत असेल तर विकत घेण्याआधी त्यांना मागे बसवून हे दोन्ही प्रकार जरूर बघा.

घाट उतरताना याच गोष्टीचं सोनं होतं. एकदा सुमारे सहाशे मीटर उंचीवरून बारा किलोमीटरचा उतार उतरलो. गणिताने गाडीच्या वजनात सव्वाचार युनिट ऊर्जा साठलेली असते; टायर आणि हवा आपला वाटा घेतात, चार्ज होतानाही थोडी जाते. खाली पोहोचलो तेव्हा बॅटरी आठ टक्के वाढलेली, म्हणजे निम्म्याहून जास्त परत मिळाली. उतरून चाकाजवळ हात नेला. घाट उतरल्यावर चाकातून जी धग आणि करपट वास येतो तो अजिबात नव्हता, कारण ब्रेकच्या डिस्कला काम जेमतेम पडलं होतं.

पण एक चूक केली, ती इथे नीट सांगतो. पुढच्या वेळी वरच मुक्काम होता, चार्जिंगची सोय होती, म्हणून रात्रभर लावून बॅटरी पूर्ण भरली. सकाळी उतरायला लागलो आणि पाय उचलला तर गाडी मंदावेना. भरलेल्या बॅटरीत वीज घालायला जागाच नसते, त्यामुळे मोटारीचा ब्रेक मिळत नाही आणि अडीच टनांचा सगळा भार खऱ्या ब्रेकवर येतो. पहिल्या दोन वळणांवर वेग अपेक्षेपेक्षा जास्त होता. मग इंजिन चालू करून खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरलो. तेव्हापासून वर मुक्काम असला की चार्जिंग सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांवर थांबवतो.

आता जे कोणी शोरूममध्ये सांगत नाही ते. झोपलेल्या डिझेल इंजिनाची आठवण ठेवावी लागते. धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळून टाकायला तिथे सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला युरियाचं पाणी फवारलं जातं, त्या भागालाही काम करायला दोनशे अंशांच्या वर तापावं लागतं. रोजचं माझं जाणं-येणं २६ किलोमीटर, सगळं विजेवर. तिसऱ्या महिन्यात लांब जाणंच झालं नाही. इंजिन जागं व्हायचं ते कधी पाय जोरात पडला तर दोन-तीन मिनिटं, आणि थंड असतानाच पुन्हा बंद. एका संध्याकाळी पडद्यावर सूचना आली की फिल्टर साफ होतो आहे, गाडी चालू ठेवा. मी फाटकाशी पोहोचलो होतो, गाडी बंद केली. असं तीनदा झालं आणि चौथ्या दिवशी पिवळा दिवा लागला.

सर्व्हिस सेंटरने दाबाचा सेन्सर बदलायला सांगितलं. मी आधी आकडे दाखवा म्हणून बसून राहिलो. सेन्सर व्यवस्थित बोलत होता, फिल्टरच भरला होता. मग त्यांच्यातलाच एक जुना मेकॅनिक म्हणाला, दादा, हिला एक तास पळवून आणा. इंजिन चालू राहील असा मोड लावला, गिअर एक खाली ठेवला, नव्वदच्या वेगाने चाळीस-पन्नास मिनिटं सलग गेलो. थांबल्यावर बॉनेटखालून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता आणि पंखा कितीतरी वेळ घोंघावत होता. दिवा विझलेला. पुन्हा लागला नाही, कारण आता दर पंधरा दिवसांनी एक सलग फेरी ठरलेली आहे. अर्धवट राहिलेल्या अशा साफसफाईत जादा डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्येही मिसळतं, म्हणून ऑइलची पातळी वाढताना दिसली तर ती चांगली खूण समजू नका.

ब्रेकचंही तसंच. वापर कमी म्हणून डिस्क गंजतात. पावसाळ्यात सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर येते. रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये टाकून चार-पाच वेळा ठणकून ब्रेक मारले की जाते. न्यूट्रलमध्ये मोटार मधे येत नाही, सगळं काम डिस्कच करते.

वजन लपत नाही. एअर सस्पेन्शन लांब उंचवटे अगदी अलगद गिळतं, हायवेवर गाडी जमिनीला चिकटून चालते, वळणावर कलतेही कमी, कारण बॅटरीचं ओझं खाली आहे. पण छोटे धारदार खड्डे, दोन काँक्रीटच्या पट्ट्यांमधली फट, अशा ठिकाणी वीस इंची चाकं धप्प करून आदळतात आणि ते पाठीला कळतं. मला अठरा-एकोणीस इंची चाकं मिळाली असती तर घेतली असती. पुढचे टायर १४,००० ला निम्म्याहून जास्त झिजले आहेत. डिकीची फरशी बॅटरीमुळे वर आली आहे, स्टेपनी नाही, मोठ्या दोन बॅगा उभ्या राहत नाहीत. आणि थंड इंजिन चढावर अचानक जागं होतं तेव्हा क्लच जोडल्याची हलकी ढकल बसते, डिझेलची टकटक ऐकू येते. इतक्या शांततेनंतर ती जास्तच जाणवते. इंजिन तापलं की दोन्ही नाहीसं होतं.

धाकट्या भावाने मागच्या महिन्यात विचारलं, मीही हीच घेऊ का. त्याचं रोजचं जाणं बारा किलोमीटर, लांबचा प्रवास वर्षातून दोन-तीनदा. त्याला सरळ नको म्हणालो. त्याच्याकडे ते इंजिन वर्षभर थंडच राहिलं असतं. त्याने पूर्ण इलेक्ट्रिक घेतली आहे. लांब जायचं असलं की माझी घेऊन जातो, टाकी भरून परत आणतो, आणि मी त्या पंधरवड्याची फेरी वहीत टिपून ठेवतो.