शाळेची वेबसाइट: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी आमची नवी वेबसाइट सुरू झाली. आता मार्च संपत आलाय. पावसाळा, गणपती, सहामाही, शिमगा सगळं होऊन गेलं, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही. शाळा दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला. पाचवी ते दहावी. मी विज्ञान शिकवते आणि वेबसाइट सांभाळते.

याआधीची वेबसाइट आम्ही पैसे देऊन बाहेरून करून घेतली होती. पहिल्याच पानावर सरकणारे बारा फोटो, एकेक चार एमबीचा. पान पूर्ण उघडायचं तर पन्नासेक एमबी उतरायला हवेत. आमच्याकडे एक एमबीपीएसचा वेग मिळाला तरी त्याला सहा मिनिटांच्या वर लागतात. एवढा वेळ कोण थांबणार? पण खरा फटका वेगळाच बसला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ज्यांनी साइट केली त्यांच्याच नावावर होतं. त्यांनी ते काम सोडलं, नूतनीकरण राहून गेलं आणि लेटरहेडवर छापलेला आमचा पत्ता एके दिवशी उघडेनासा झाला. म्हणून नव्या शाळांना मी पहिली गोष्ट हीच सांगते, की डोमेन संस्थेच्या नावावर आणि शाळेच्या ईमेलवरच घ्या. एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतं. आम्ही पाच वर्षांचं घेतलं.

या वेळी रंग आणि चित्रं ठरवायच्या आधी आम्ही ऑफिसातल्या फोनशेजारी एक वही ठेवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑफिस चालू असतं, तेव्हा पंधरा दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनचा प्रश्न आमचे क्लार्क त्यात लिहीत होते. वही उघडली आणि वेबसाइट कशी हवी ते कळलं. संस्थेचा इतिहास एकानेही विचारला नव्हता. बहुतेक फोन मुंबईचे, विरार, नालासोपारा, डोंबिवलीचे, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल विचारणं एकच: "दाखला हवाय, काय काय आणायचं?" त्याखालोखाल प्रवेश आणि शाळा कधी उघडणार. पावसाळ्यात यात आणखी एका प्रश्नाची भर पडते, "आज शाळा आहे का?" हे आम्हाला अनुभवाने माहीत होतं. म्हणून पहिल्या पानावर वर आजची सूचना, खाली दाखल्याचं बटण, त्याखाली प्रवेश आणि फोन नंबर. बाकी सगळं आतल्या पानांवर.

साइट गुगल साइट्सवर, म्हणजे गुगलच्या साइट बनवायच्या सेवेवर आहे. फुकट, जाहिराती नाहीत, मोबाइलवर आपोआप नीट बसते आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. वर्डप्रेस या दुसऱ्या साधनात कितीतरी जास्त करता येतं, पण स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) ठेवलं तर अपडेट, प्लगइन, बॅकअप बघणारं माणूस लागतं, आणि ते आमच्याकडे नाही. पुढेमागे दुसरीकडे जायचं झालं तर पानं नव्याने मांडावी लागतील, हे ठाऊक असूनच ही निवड केली.

दाखल्याच्या पानावर मी सगळ्यात जास्त राबले. आमच्याकडे हा विषय किती नाजूक आहे ते 2020 नंतर कळलं. 3 जूनच्या निसर्ग वादळात ऑफिसचे पत्रे उडाले आणि जनरल रजिस्टरं, म्हणजे ज्यांवरून दाखले निघतात ती मुलांच्या नोंदींची पुस्तकं, भिजली. शिपाई मामांनी आणि आम्ही ती पानं एकेक सुटी करून, पंखा नाही, वीज नाही, अशी वर्गात बाकांवर पसरून सुकवली. नंतर सगळी स्कॅन केली. ते स्कॅन वेबसाइटवर नाहीत आणि कधी जाणारही नाहीत, कारण त्यात जन्मतारखा आणि जाती आहेत. वेबसाइटवर आहे तो फक्त मागणीचा फॉर्म.

पहिला फॉर्म फसला. आधार कार्डाचा फोटो जोडायला सांगितलं होतं. गुगल फॉर्ममध्ये फाइल जोडायची तर भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला आपला पासवर्ड कुठे आठवतो! लोक अर्ध्यावर सोडून पुन्हा फोनच करायला लागले. आठवड्याभरात तो रकाना काढला. ओळखपत्र आता दाखला न्यायला येताना बघतो.

दुसरी चूक नावाची. "पूर्ण नाव" असं लिहिलं होतं. बायका सासरचं नाव लिहायच्या, रजिस्टरमध्ये माहेरचं, मग शोधून शोधून क्लार्क थकायचे. आता तिथे "शाळेत असतानाचं नाव, वडिलांच्या नावासह" असं आहे. सोबत शाळा सोडल्याचं अंदाजे वर्ष, शेवटची इयत्ता आणि वाडी. वाडीचा रकाना क्लार्कनी सुचवला आणि त्याने काम निम्मं हलकं झालं. एकाच आडनावाची, एकाच नावाची दोन मुलं एकाच वर्षी असतात. वरची वाडी की खालची, एवढं कळलं की नोंद सापडते.

याच पानावर ऑफिसचे दिवस आणि वेळ ठळक आहे. चाकरमानी गणपतीला गावी येतात, त्याच वेळी दाखल्याचं काम उरकू म्हणतात, आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी. दरवर्षी कुणीतरी कुलूप बघून परत जायचं. यंदा ऑगस्टमध्येच सूचना टाकली, की आधी फॉर्म भरा, सुट्टीत अमुक दोन दिवशी सकाळी ऑफिस उघडं राहील. ज्यांनी भरले होते त्यांचे दाखले तयार होते. एक आजी नातवाच्या हाताला धरून आल्या. स्वतःच्या जन्मतारखेचा कागद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. बराच वेळ त्या नुसत्या आपल्या नावावरून बोट फिरवत बसल्या. ते बघून आम्हाला जे समाधान झालं ते शब्दांत सांगता येणार नाही.

पावसाच्या सूचनेबद्दल. रेड अलर्ट लागला की जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश कधी रात्री उशिरा येतो, आणि तोवर व्हॉट्सॲपवर गेल्या वर्षीचं पत्र फिरायला लागलेलं असतं. जुलैत एकदा अशाच जुन्या पत्रामुळे अर्धी मुलं घरी राहिली. तेव्हापासून आमच्या सूचनेत तारीख, वार आणि टाकल्याची वेळ तिन्ही असतात. सूचना टाईप केलेलीच असते, कागदाचा फोटो नाही. फोटो मोबाइलवर मोठा करून वाचावा लागतो, आणि एका मुलीच्या बाबांना दिसत नाही, ते फोनकडून वाचून घेतात. फोटोतली अक्षरं त्यांचा फोन नीट वाचत नाही.

टायपिंगवरून आठवलं. ऑफिसातली जुनी परिपत्रकं युनिकोडच्या (सगळीकडे सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये होती. साइटवर चिकटवली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची, कारण त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी वळणं बसवलेली असतात. महत्त्वाची तेवढी पुन्हा टाईप केली. क्लार्क आता फोनवर बोलून लिहितात आणि मग ऱ्हस्व-दीर्घ मी तपासते.

मुलांच्या फोटोंबाबत आम्ही कडक झालो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. प्रवेशाच्या वेळीच लेखी घेतो. तरीही फोटोखाली नाव देत नाही, आणि निकालाची नावनिशीवार यादी साइटवरून काढून टाकली. काही पालक नाराज झाले, मुलाचं नाव झळकावं असं त्यांना वाटत होतं. त्यांच्यासाठी ती यादी शाळेच्या फळ्यावर लावतो.

एक त्रास अजून पुरता सुटलेला नाही. साइटच्या खात्याच्या लॉगिनचा कोड ज्या मोबाइलवर यायचा तो आमच्या एका सरांचा, आणि सर ऑक्टोबरात निवृत्त होऊन पुण्याला गेले. दोन दिवस आम्ही त्यांना फोन करकरून कोड मागत होतो. शेवटी ऑफिसचा नंबर जोडला आणि खात्याचे दहा बॅकअप कोड (फोनवर कोड आला नाही तर वापरायचे) छापून मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात ठेवले. एकेक कोड एकदाच चालतो, म्हणून वापरला की त्यावर काट मारायची. आजवर तीन काटा पडल्यात. ऑफिसचा फोन मात्र अजून मामांच्या खिशात असतो आणि ते बाजारात गेले की आम्ही खोळंबतो. दुसरं सिम घ्यायचा ठराव पुढच्या बैठकीत ठेवलाय.