आमच्या बार रूममध्ये हातोहात फिरलेलं ‘द लिंकन लॉयर’

पुस्तक घेतलं छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात. तिथे हायकोर्टाच्या खंडपीठात एका अपिलाची तारीख होती, पण आमचा नंबर लागायच्या आत कोर्ट उठलं. एसटीला वेळ होता म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि मायकेल कॉनेली यांची ‘द लिंकन लॉयर’ ही इंग्रजी कादंबरी दीडशे रुपयांना मिळाली. पाठीवरचा कागद सोलवटलेला, आत कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेल्या. पाचोडच्या पुढे वाचायला घेतली. बीड स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली तरी मी चहाला उतरले नाही.

मी अंबाजोगाईत एकोणीस वर्षं फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. गेल्या चार महिन्यांत हे पुस्तक आमच्या बार रूममधून, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतून, आणि माझ्या गल्लीतून पाच जणांनी वाचलं. प्रत्येकाला त्यात वेगळंच काही सापडलं. त्यातलं बरंचसं इथे सांगते, आणि शेवटी माझं.

कादंबरी २००५ सालची. कॉनेली आधी लॉस एंजेलिसमध्ये गुन्हेगारीच्या बातम्या करणारे पत्रकार होते, ते पानोपानी जाणवतं. मिकी हॅलर हा बचाव पक्षाचा वकील स्वतः गोष्ट सांगतो. त्याचं ऑफिस म्हणजे लिंकन गाडीची मागची सीट. पुढे गाडी चालवतो तो अर्ल, हॅलरचाच जुना पक्षकार. फी देता आली नाही म्हणून गाडी चालवून फेडतोय. एक दिवस हॅलरला मोठा मासा गावतो. लुई रूले नावाचा जमीनजुमल्याचा श्रीमंत दलाल, एका बाईला जीवघेणी मारहाण केल्याचा आरोप, आणि तो ठामपणे म्हणतो की मला अडकवलंय.

आमचे सीनिअर, ज्यांना सगळा बार आप्पा म्हणतो, गाडीच्या ऑफिसवरच खूश झाले. आज अंबाजोगाई, उद्या केज, परवा परळी असं करत त्यांनीही चाळीस वर्षं काढली. मोटारसायकलच्या सीटवर फाइल ठेवून जामिनाचा अर्ज लिहिताना मी त्यांना कितीदा पाहिलंय. त्यांच्या मते पुस्तकातला सगळ्यात खरा भाग फीचा. हॅलर पैसे हातात पडल्याशिवाय काम पुढे सरकू देत नाही आणि वाचकाला त्याचा राग येत नाही, कारण कुणाला सूट द्यायची हेही त्याला कळतं. आमच्याकडे पक्षकार म्हणतो, सोयाबीन निघालं की देतो. सोयाबीन निघतं, भाव पडलेला असतो, मग उसाच्या बिलावर जातं. आप्पांनी ती पानं दोनदा वाचली.

सरकारी वकील असलेल्या माझ्या मैत्रिणीला मात्र पुस्तक फारसं रुचलं नाही. तिचा आक्षेप रास्त आहे. हॅलरसमोर उभा केलेला सरकारी वकील, टेड मिंटन, अगदीच नवखा आहे. कसलेल्या वकिलाने कच्च्या पोराला खेळवायचं, यात झुंज कुठली? हॅलरची पहिली बायको मॅगीही सरकारी वकील आहे, जिद्दीची आणि तयारीची. “ती समोर उभी राहिली असती तर पुस्तक अजून शंभर पानं वाढलं असतं आणि मी ती वाचली असती,” असं मैत्रीण म्हणाली. आणखी एक गोष्ट तिने दाखवली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. जिला मारहाण झाली ती बाई पुस्तकात फक्त उलटतपासणीपुरती येते. घरी जाऊन ती आरशात काय बघते, हे कुणी विचारत नाही.

शेजारच्या निवृत्त गुरुजींनी पुस्तक सहा दिवसांत संपवलं आणि संध्याकाळी ओट्यावर मला गाठलं. गुरुजी अजून तारखेला ‘पेशी’ म्हणतात. अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं त्या काळातल्या अदालतीचा तो शब्द. त्यांचा प्रश्न सरळ होता. आपलाच पक्षकार गुन्हेगार आहे हे वकिलाला कळलं, तर तो न्यायाधीशाला सांगत का नाही? मी त्यांना १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम १२६ सांगितलं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला बाहेर काढता येत नाही. नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. बेकायदा गोष्ट पुढे नेण्यासाठी सांगितलं असेल तर त्याला संरक्षण नाही, पण झालेल्या गुन्ह्याची कबुली वकिलाच्या पोटातच राहते. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बाई, मग रात्री झोप कशी लागते?” कादंबरीचा सगळा ताण या एका प्रश्नावर उभा आहे. हॅलर ज्या सापळ्यात सापडतो तो पिस्तुलाचा नाही, या कलमासारख्याच नियमाचा आहे. कायद्याची अट हीच कथेची कळ करणं, हे कॉनेली यांचं मोठं कसब.

आमच्याकडे वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी २०११ चा सिनेमा आधी पाहून बसली होती. तरी तिला पुस्तक आवडलं, आणि तिने नेमकं खटल्याचं नाट्य उचललं. तिथे निकाल देणारे बारा सामान्य नागरिक, ज्यूरी, असतात, वकील त्यांच्याकडे बघत बोलतो, थांबतो, पाणी पितो. मी तिला आपलं सांगितलं. आपल्याकडची ज्यूरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उरलीसुरलीही संपली. इथे साक्षीदाराचं उत्तर न्यायाधीश सांगतात, स्टेनो टाइप करतो, आणि आमचा जोरकस प्रश्न कागदावर “हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे” एवढाच उरतो. सूर, थांबणं, साक्षीदाराचा घाम, यातलं क्वचितच काही नोंदीत जातं. अपिलात वरच्या कोर्टाला दिसतो तो एवढाच कागद. ती मुलगी त्या दिवसापासून साक्षीच्या नकला मोठ्याने वाचते.

आता माझं. पुढच्या मजकुरात कथेचा एक धागा उघडा होतो; ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथे थांबावं.

हॅलरचे वडीलही नावाजलेले बचावाचे वकील. निर्दोष पक्षकाराइतकी भीती दुसऱ्या कुणाची नसते, असं ते म्हणत. गुन्हेगाराला सोडवता आलं नाही तर वकील विसरून जातो. निर्दोष माणूस आत गेला तर ती जखम आयुष्यभर राहते. हॅलरला वाटतं, आपल्याला निर्दोष माणूस समोर आला की ओळखता येईल. आणि मग पुस्तकाच्या मध्यावर त्याला हेसूस मेनेंडेझ आठवतो. खुनाचा आरोप असलेला हा माणूस सारखा सांगत होता, मी मारलं नाही. पुरावा विरोधात होता, फाशीची भीती होती. हॅलरने त्याला गुन्हा कबूल करायला लावून जन्मठेपेवर सोडवणूक केली, आणि फाइल बंद करताना त्याला आपण चांगलं काम केलं असंच वाटलं होतं. तो मेनेंडेझ सॅन क्वेंटिन तुरुंगात आहे. त्याला भेटायला हॅलर जातो ती पानं मी एसटीत वाचू शकले नाही, घरी येऊन वाचली.

आपल्याकडे अशी तडजोड खुनात होऊच शकत नाही. प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेची तडजोड, इथे २००६ पासून आहे, तेही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत. बायका आणि लहान मुलांवरचे गुन्हे वगळून. पण कबुलीचा जुना रस्ता त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि मी एकाला त्या रस्त्याने नेलं आहे.

वकिलीचं तिसरं वर्ष. धारूरकडचा पंचविशीचा ऊसतोड मजूर, विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप, कलम ३७९. जामीन मंजूर झाला होता, पण सातबारा घेऊन त्याच्यासाठी उभा राहणारा जामीनदार मिळेना. दसरा तोंडावर आला. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल घरात खर्च झालेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता; तो नसला तर ती टोळीत जाणार कशी आणि उचल फिटणार कशी? त्याची बायको कोर्टातल्या कडुलिंबाखाली बसून म्हणाली, “वकीलबाई, कबूल केलं तर आज सोडतेत का?” मी हो म्हणाले. चोरी केलीस का, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. आरोप वाचला, तो म्हणाला कबूल आहे. भोगली तेवढी कैद आणि किरकोळ दंड. संध्याकाळी तो टोळीच्या ट्रकमध्ये होता आणि मी खूश होते.

दोन वर्षांनी चोरांच्या दुसऱ्याच एका टोळीच्या दोषारोपपत्रात मुद्देमालाची यादी चाळताना मला त्या मोटारीचा नंबर दिसला. माझ्या जुन्या फाइलमधल्या फिर्यादीत तोच नंबर होता. आजही त्याच्या शिवारात केबल गेली, शेळी गेली, की आधी त्याला बोलावतात. नावावर शिक्षा आहे ना. कबुलीवर झालेल्या शिक्षेत दोषी ठरवण्याविरुद्ध अपील चालत नाही, पण रिव्हिजन, म्हणजे वरच्या कोर्टाकडे फेरतपासणीचा अर्ज, करता आलं असतं. मी केलं नाही. कामं होती, आणि त्याने मागितलं नव्हतं.

म्हणून या पुस्तकाचा शेवट मला तितकासा भिडला नाही. गोळीबार, पळापळ, सगळी गाठ सुटणं, हे सगळं चटचट होतं आणि सिनेमासारखं वाटतं. हॅलरची लहान मुलगी आणि दोन घटस्फोटांचा भागही वरवरचा आहे. इंग्रजी मात्र सोपं, वाक्यं छोटी. कोर्टाचे कागद वाचायची सवय असेल तर शब्दकोश फारसा लागत नाही. सिनेमा पाहिला असला तरी घ्या. फौजदारीत नव्याने येणाऱ्या मुलांनी तर घ्याच, आणि मेनेंडेझची पानं दोनदा वाचा.

प्रत सध्या बेंच क्लार्ककडे आहे. ती परत यायच्या आत मी रेकॉर्ड रूमला त्या मजुराच्या फाइलच्या नकलेचा अर्ज दिलाय. कारकून म्हणाला, इतकी जुनी फाइल नष्ट झाली असेल तर रजिस्टरचा उतारा मिळेल. रिव्हिजनला विलंब माफीचा अर्जही जोडावा लागेल. तो मजूर सध्या टोळीबरोबर कर्नाटकात आहे. पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की येईल, मग वकीलपत्रावर त्याचा अंगठा घेईन.