शेजारच्या इमारतीतल्या काकांकडे इंटरनेट न्यायचे : हवेतून की तारेतून?

नवी मुंबईत एकाच कुटुंबाची दोन घरे हाकेच्या अंतरावर असणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. मुलाने नेरूळला किंवा खारघरला घर घेतले की आईवडिलांसाठी, काका-मामांसाठी त्याच सेक्टरमध्ये, शक्य असेल तर त्याच सोसायटीत, दुसरी जागा पाहिली जाते. मग एका घरात चांगले ब्रॉडबँड असताना दुसऱ्या घरी त्यासाठी वेगळे पैसे का भरायचे, हा प्रश्न येतोच. आमच्याकडेही तो आला. आमची इमारत आणि काकांची इमारत नेरूळच्या एकाच सोसायटीच्या आवारात आहे. मधे पार्किंग आणि बागेची पट्टी असून सरळ रेषेत अंतर ६०-७० मीटर भरते. आम्ही हवेतून नेण्याचा आणि तारेतून नेण्याचा, असे दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत, त्यामुळे हा निर्णय ज्यांच्यापुढे आहे त्यांना त्या अनुभवाचा उपयोग व्हावा असे वाटते.

खिडकीत रिपीटर, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पुढे पोहोचवणारी डबी, ठेवून काम भागते का, हे बहुतेकांनी आधीच पाहिलेले असते, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. स्वतंत्र कनेक्शनचा विचार मात्र प्रामाणिकपणे करावा. दुसऱ्या घरात कोणी घरून नोकरी करत असेल, किंवा परगावी असताना घरावर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवायचे असेल, तर स्वतंत्र कनेक्शनच घ्यावे असे माझे मत आहे. आमच्या काका-काकूंचा वापर संध्याकाळच्या मालिका, पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल आणि विजेचे बिल भरणे एवढाच आहे, म्हणून वेगळे कनेक्शन घेतले नाही. मात्र घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये वापर ग्राहकाच्या स्वतःच्या घरापुरता मर्यादित असल्याचे आणि पुनर्विक्रीला मनाई असल्याचे अनेकदा लिहिलेले असते. त्या अटी वाचाव्यात आणि शंका असल्यास कंपनीला लेखी विचारावे. आम्ही तसे विचारले, आणि घरच्याच माणसांना विनामूल्य वापरू देण्यास हरकत नसल्याचे उत्तर आल्यावरच पुढे गेलो. कनेक्शन ज्याच्या नावावर असते त्याच्याकडे त्यावरून होणाऱ्या वापराची जबाबदारी येते, त्यामुळे ही सोय सख्ख्या माणसांपुरतीच ठेवणे बरे.

आता हवेतल्या मार्गाविषयी. दोन्ही घरांच्या ग्रिलवर किंवा गच्चीच्या कठड्यावर एकेक लहान डिश बसवायची, त्या समोरासमोर धरायच्या, आणि प्रत्येकीतून एक लॅन केबल घरात घ्यायची, एवढाच हा खटाटोप असतो. यासाठी ५ गिगाहर्ट्झ वारंवारतेवर चालणारी जोडीच घ्यावी. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच मिळतात आणि सोसायटीतल्या घरोघरच्या राउटरांनी ते आधीच भरलेले असतात. ५ गिगाहर्ट्झचे विस्तृत पट्टे केंद्र सरकारने २०१८च्या अधिसूचनेने परवानामुक्त केले असल्यामुळे, ठरलेल्या शक्तिमर्यादेत राहून घरगुती वापर करण्यास कायद्याची अडचण येत नाही. खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेले असले, तरी एकाच वाहिनीवर आळीपाळीने बोलणे आणि ऐकणे चालत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी वेग मिळतो. काका-काकूंच्या वापराला तोही पुरून उरतो.

या मार्गाची मोठी जमेची बाजू म्हणजे डिश घरच्या ग्रिलवर बसवली तर कोणाला काही विचारावे लागत नाही. डक्टमध्ये, म्हणजे पाइप आणि तारांसाठीच्या इमारतीतल्या उभ्या पोकळीत, हात घालावा लागत नाही, सोसायटीच्या सभेत विषय मांडावा लागत नाही, आणि एका रविवारी सकाळी सुरू केलेले काम जेवणापर्यंत आटोपते. आम्ही डिश बसवल्या त्या मार्च महिन्यात. कॉल स्वच्छ चालत होते, मालिका अडत नव्हत्या, आणि खरोखर तक्रारीला जागा नव्हती.

नंतर जे घडले त्याचे कारण बागेतला गुलमोहर आहे. गुलमोहर मार्च-एप्रिलमध्ये जवळजवळ निष्पर्ण असतो, त्यामुळे त्याच्या फांद्यांमधून समोरची खिडकी स्पष्ट दिसते आणि मार्ग मोकळा आहे असेच कोणालाही वाटेल. मे महिन्यात तो फुलतो, आणि पाऊस लागला की भरगच्च हिरवा होतो. एवढ्या कमी अंतरावर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो ओल्या पानांचा, कारण पाण्याने भरलेला पर्णसंभार या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतो. त्यातच, लहरी दोन डिशांमधल्या एका रेषेतून जात नाहीत. त्या रेषेभोवतीचा पट्टाही, म्हणजे ज्याला फ्रेनेल झोन म्हणतात तो, बराचसा मोकळा लागतो. आमच्या अंतराला मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे १ मीटर येते, आणि गुलमोहराची पसरलेली फांदी नेमकी त्या मध्यावरच आहे.

संपर्क पूर्ण तुटला असता तर गोष्ट वेगळी होती. तो तुटत नसे. वाऱ्याची झुळूक आली की फांदी हलायची, वेग एकदम खाली यायचा, वारा पडला की पुन्हा वर जायचा. नातवाचा चेहरा पडद्यावर थिजला की काकूंचा फोन यायचा, “अरे, बाळ पुन्हा अडकलंय बघ.” मी संगणकावर आलेख उघडून पाहीपर्यंत सगळे सुरळीत झालेले असायचे. काकूंना वाटायचे की आपलेच काही बटण चुकले, काका टीव्हीच्या कंपनीला दोष द्यायचे, आणि मला तर निश्चित असे काहीच दाखवता येत नसे. वयस्कर माणसांच्या घरी बंद पडलेली वस्तू एक वेळ चालते, कारण तिचे उत्तर सरळ असते. मधूनमधून अडणाऱ्या वस्तूवरचा त्यांचा विश्वास मात्र उडतो. काकूंनी पावसाळ्यात व्हिडिओ कॉल करणेच कमी केले, आणि माझ्या मते हवेतल्या मार्गाविरुद्ध पारडे झुकले ते तिथे.

फांदी छाटून घ्यावी असे अनेकांनी सुचवले. पण महाराष्ट्रात १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरातले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि झाडाला इजा करणेही त्यातच मोडते, त्यामुळे छाटणीसाठी महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. मालिका नीट दिसावी म्हणून गुलमोहराच्या फांदीवर कुऱ्हाड घालावी, हे मला आणि काकांनाही पटले नाही. डिश गच्चीवर नेऊन उंची वाढवणे हा दुसरा उपाय आहे, आणि ज्यांची गच्ची झाडांच्या वर आहे त्यांच्याकडे तो चांगला चालत असणार. फक्त खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या दमट वाऱ्याने क्लॅम्प आणि स्क्रू लवकर गंजतात, हे ध्यानात ठेवून स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत.

तारेचा मार्ग म्हटले की प्रथम साधी लॅन केबल आठवते. दोन इमारतींसाठी ती नको. तिची मर्यादा १०० मीटर आहे, आणि सरळ अंतर ६०-७० मीटर असले तरी डक्टमधून खाली, कुंपणाच्या कडेने आणि पुन्हा वर, असा खरा मार्ग धरला की आमच्याकडे ती ओलांडली जात होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तांब्याची तार दोन इमारतींची वेगवेगळी अर्थिंग जोडते, आणि जवळपास वीज पडली की दोन्हीकडची उपकरणे एकदम जाण्याचा धोका निर्माण करते. म्हणून फायबर, म्हणजे प्रकाशाच्या रूपात माहिती नेणारी केबल, घ्यावी. तिचा धागा काचेचा असल्याने त्यातून विद्युतप्रवाह जात नाही. मात्र आधारासाठी पोलादी तार असलेली फायबर केबल (ड्रॉप केबल) घेतली असेल, तर ती तार उपकरणाच्या अलीकडेच कापून बाहेर ठेवून द्यावी.

फायबरसाठी दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची लहान डबी लागते, जी फायबरमधला प्रकाश आणि लॅन केबलमधला विद्युत संकेत यांचे एकमेकांत रूपांतर करते. एकाच धाग्यावर दोन्ही दिशांचे काम करणारी जोडी घ्यावी, आणि त्यात एक ‘ए’ आणि एक ‘बी’ आहे ना हे दुकानातच पाहावे. एकीचा प्रकाश १३१० नॅनोमीटरवर निघतो आणि दुसरीचा १५५० नॅनोमीटरवर, त्यामुळे दोन ‘ए’ एकमेकांशी बोलत नाहीत. या डब्यांचे कनेक्टर सहसा निळे असतात, तर ब्रॉडबँड कंपनीच्या घरगुती जोडणीत बहुधा हिरवे दिसतात. हिरव्याचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते आणि तो निळ्यात खुपसला तर प्रकाश वाया जातो. जोडणी करणारा माणूस सवयीने हिरवेच लावायला काढतो, तेव्हा जवळ उभे राहणे चांगले.

या मार्गाचा खरा त्रास कामापूर्वीचा आहे. सोसायटीला अर्ज करावा लागला, केबल कोणत्या पाइपातून जाईल याचा कच्चा नकाशा द्यावा लागला, आणि समितीची बैठक होईपर्यंत थांबावे लागले. सचिवांची रास्त अट होती की डक्टमध्ये लोंबती तार दिसता कामा नये, म्हणून सगळी केबल पीव्हीसी पाइपातून नेली. त्याचा आम्हालाच फायदा झाला, कारण आमच्या डक्टमध्ये उंदरांचा वावर आहे आणि उघडी केबल ते कुरतडतात. टोके जोडायला स्प्लायसिंग मशीन लागते, ते स्थानिक केबलवाल्याकडे असते. तो एकदा येऊन गेला की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. तारेनंतरच्या पावसाळ्यात काकूंचा त्या कारणासाठी फोन आलेला नाही, आणि माझ्यापुरते मोजमाप एवढेच आहे.

तरी प्रत्येकाने तारच टाकावी असे मी म्हणणार नाही. दोन घरांच्या मधून सार्वजनिक रस्ता जात असेल, तर त्यावरून तार टाकण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते आणि एका घरासाठी ती खटपट परवडणारी नाही. तिथे मधे झाड नसल्यास हवेतला मार्गच योग्य ठरेल. भाड्याच्या घरातही डिश बरी, कारण घर सोडताना ती काढून नेता येते. परंतु दोन्ही घरे स्वतःची, आवार एकच, आणि दुसरीकडे राहणारी माणसे वयाने मोठी असतील, तर सोसायटीच्या अर्जाचा कंटाळा न करता फायबरच टाकावे असे मी सुचवेन. केबल दोन धाग्यांची घ्यावी, म्हणजे एक तुटला तर दुसरा हाताशी राहतो, आणि दोन्ही टोकांना एकेक वेटोळे जादा सोडावे.

एक गोष्ट दोन्ही मार्गांना सारखीच लागू आहे. आपण गावाला जाताना घराचा मेन स्विच बंद करतो, आणि त्याबरोबर काकांचे इंटरनेटही बंद होते. आम्ही राउटर आणि कन्व्हर्टर एका छोट्या यूपीएसवर ठेवून त्यांचा एमसीबी वेगळा करून घेतला आहे, आणि बाहेर पडताना तेवढा चालू ठेवतो. दुसऱ्या घरच्या राउटरला नाव आणि पासवर्ड वेगळा द्यावा, म्हणजे काकांकडे आलेल्या पाहुण्यांना पासवर्ड देताना आपल्या घरचा पासवर्ड बाहेर जात नाही.